भाग ३१ : येतं, पण करू देतात का? गडचिरोलीच्या आरोग्यदूत आणि माझी ताई

ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ नाही पण बसमध्ये उभ्या उभ्या वाचता येतं, त्यांच्यासाठी हे ट्रान्सक्रिप्ट. बोलताना घसरलेली वाक्यं सरळ केलीत, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात आमच्या घरातून. दिवाळीत मी मूलला होतो. मूल माहीत नसेल तर सांगतो : चंद्रपूरहून गडचिरोलीला निघालात की साधारण मधोमध आमचं गाव लागतं. धान, जंगल आणि वाघाच्या बातम्या. माझी मामेबहीण, म्हणजे ताई, तीही सुट्टीवर आली होती. ताई एमबीबीएस झाली आणि आता फॅमिली मेडिसिनमध्ये डीएनबी करतेय, तिसरं वर्ष. तीन वर्षांचा कोर्स आहे. मेडिसिन, सर्जरी, बाळंतपण, लहान मुलं, सगळीकडे थोडं थोडं फिरायचं आणि शेवटी घरातल्या आजीपासून नातवापर्यंत कुणालाही बघू शकेल असा डॉक्टर तयार व्हायचा.

आता ताईला पुढे अजून काहीतरी शिकायचंय. दोन पर्याय तिच्या डोक्यात आहेत. एक, सोनोग्राफीचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण. दोन, पुण्यात मधुमेहाची वर्षभराची फेलोशिप. तिच्या बॅचमधल्या जवळपास प्रत्येकाला असं काही ना काही करायचंय. कुणाला इमर्जन्सी, कुणाला त्वचा, कुणाला क्रिटिकल केअर. मामा जेवताना म्हणाले, "डाक्टर झाली ना तू, आता अजून कायले शिकतेस?" ताई काही बोलली नाही. तिने वांग्याची भाजी वाढून घेतली.

मामांचा प्रश्न टोमणा म्हणून सोडून देता आला असता. पण मूलमध्ये आमच्या लहानपणीचे जे डॉक्टरकाका आहेत, ते आता सत्तरीच्या पुढे गेलेत. दवाखाना त्यांना ताईकडे द्यायचाय. ताई सहा महिने गेली तर ते थांबतील. पुण्याला वर्षभर गेली तर ती परत येईल का, हे आमच्या घरात कुणीच मोठ्याने विचारत नाही. मी सॉफ्टवेअरवाला. पुण्यात सात वर्षं आहे. दोन वर्षांत परत येतो असं मीही म्हणालो होतो, त्यामुळे मला तर हे विचारायचा हक्कच नाही.

म्हणून मी माझ्या सवयीप्रमाणे मागे जाऊन बघितलं. डॉक्टरकीत किती शिकलं म्हणजे पुरे, आणि कुणी काय शिकावं, हे आपल्या भागात आधी कुणी कसं ठरवलं? मला वाटलं होतं की फार काही सापडणार नाही. सापडलं ते असं की जगात या विषयावर बोलताना ज्या मोजक्या जागांची नावं घेतात, त्यातली एक आमच्या घरापासून तासाभरावर आहे.

पण आधी थोडं जुनं. इंग्रजांच्या काळात सगळे डॉक्टर एमबीबीएस नसत. एलएमपी नावाचा एक छोटा कोर्स होता, त्यांना लायसन्शिएट म्हणायचे. नागपूरला रॉबर्टसन मेडिकल स्कूल होतं, तिथून असे डॉक्टर बाहेर पडत आणि मध्य प्रांतातल्या तालुक्यांच्या गावी जाऊन बसत. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. तेव्हा देशात नोंदणी झालेले डॉक्टर साधारण ४७,५०० होते आणि त्यातले ३०,००० च्या आसपास लायसन्शिएट! म्हणजे बहुतेक लोकांनी पाहिलेला डॉक्टर हाच. समितीने ठरवलं की इथून पुढे एकच प्रकारचा, पूर्ण शिकलेला डॉक्टर घडवायचा आणि हा छोटा कोर्स बंद करायचा. समितीतल्या काही सदस्यांनी वेगळं मत नोंदवलं, की खेड्यांना एवढ्यात तेवढे पदवीधर मिळणार नाहीत. ते मत मागे पडलं. १९४७ मध्ये नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. हेतू चांगलाच होता, गरिबाला कमी शिकलेला डॉक्टर का म्हणून? पण तेव्हापासून आपल्याकडे "किती येतं" याचं उत्तर "किती वर्षं शिकला" असं द्यायची पद्धत पडली.

गंमत म्हणजे त्याच सुमारास आपल्याच जिल्ह्यात एक वकील कलकत्त्याला शिकायला गेला. बाबा आमटे. वरोऱ्यात वकिली, नगरपालिकेत पद, आणि मग तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांना पावसात रस्त्याच्या कडेला दिसला, ही गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. शाळेत सहसा सांगत नाहीत तो भाग पुढचा. ते नुसते दया येऊन थांबले नाहीत, १९४९ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा कोर्स करून आले. तो कोर्स डॉक्टरांसाठी होता, त्यांना खास परवानगी घ्यावी लागली. परत आले ते वरोऱ्यालाच, आणि १९५१ मध्ये आनंदवन सुरू झालं. एक नेमका आजार, त्यावर नुकतीच आलेली सल्फोनची औषधं, आणि तेवढंच नीट शिकलेला माणूस. डिग्री वकिलीची.

"परवानगी" हा शब्द लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

हेमलकसा मी पटकन सांगतो, कारण ते तुम्हाला सिनेमातून माहीत आहे. १९७३ च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे नागपूरला सर्जरीचं पदव्युत्तर शिक्षण घेत होते, ते अर्धवट सोडून आले. डॉ. मंदाकिनी आमटे भूलतज्ज्ञ. भामरागडच्या जंगलात माडिया लोकांमध्ये पोचल्यावर हाडं, डोळे, बाळंतपण, अस्वलाने फाडलेला चेहरा, जे समोर येईल ते शिकत गेले. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता आजही बंद होतो. तिथे "हे माझ्या विषयात बसत नाही" असं म्हणून पुढे कुणाकडे पाठवणार?

पण आजच्या भागाचा गाभा तिथे नाही. गाभा आहे गडचिरोलीत, धानोरा रस्त्यावर, शोधग्राममध्ये.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग. दोघंही नागपूरच्या कॉलेजचे, दोघंही एमडी, ते मेडिसिनमध्ये आणि त्या स्त्रीरोगशास्त्रात. म्हणजे तज्ज्ञच. मग त्यांनी आणखी एक शिक्षण घेतलं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन सार्वजनिक आरोग्याची पदवी, १९८४. आणि १९८६ च्या डिसेंबरात "सर्च" ही संस्था सुरू केली ती गडचिरोलीत, चंद्रपूरमधून वेगळा होऊन चारच वर्षं झालेल्या जिल्ह्यात. त्यांनी घेतलेलं जादा कौशल्य कुठल्या मशीनचं किंवा ऑपरेशनचं नव्हतं. मोजण्याचं होतं. गावात नेमकं काय होतंय, कोण कशाने मरतंय, हे मोजायचं कसं. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ च्या जानेवारीत "लॅन्सेट"मध्ये छापून आलं की त्यातल्या ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोपर्यंत जगात गरीब देशातली बाई म्हणजे गर्भारपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच मोजलं जात होतं.

मग लहान मुलांचा न्यूमोनिया. मुलाचा न्यूमोनिया ओळखायची सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, त्याहून मोठं ५० किंवा जास्त, तर धोका. (आता एक वर्षावरच्या मुलांना ४० ची मर्यादा लावतात. मी तेव्हाचं सांगतोय.) पण गावातल्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? इथे तुम्ही आम्ही काय केलं असतं? आधी साक्षरता वर्ग घ्या, मग प्रशिक्षण. त्यांनी उलटं केलं. एक पाटी बनवली, तिच्यावर एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन रांगा, लहान बाळाची एक आणि मोठ्याची एक. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिटभरात लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया, औषध द्या. बस! आम्ही ऑफिसात यूएक्सवर तासन्‌तास बोलतो. माझ्या मते मराठी मुलखातलं सगळ्यात भारी यूएक्स हे आहे, आणि वापरणारीला अक्षरसुद्धा ओळखता येत नव्हतं. १९९० च्या "लॅन्सेट"मधला आकडा सांगतो : त्यांच्या गावांत न्यूमोनिया झालेल्या ६१२ मुलांवर उपचार झाले, त्यातली दगावली ०.८ टक्के. जिथे हे काम नव्हतं त्या गावांत न्यूमोनिया झालेल्यांतली १३.५ टक्के.

यालाच आता मोठ्या शब्दांत सक्षमता-आधारित प्रशिक्षण म्हणतात. जगात या कल्पनेचा एक महत्त्वाचा दस्तऐवज जागतिक आरोग्य संघटनेने १९७८ मध्ये छापला होता. कल्पना साधी आहे. वर्गात किती तास बसलात ते सोडा, काम करून दाखवा. मागणी जागेची, शिक्षण त्या मागणीवरून उलटं आखायचं. आपल्याकडे एमबीबीएसला हे रीतसर आलं २०१९ च्या बॅचपासून. प्रत्येक कौशल्यापुढे लिहिलेलं असतं : नुसतं माहीत हवं, कसं करायचं ते माहीत हवं, करून दाखवता यायला हवं, की एकट्याने करता यायला हवं. ताई त्याच्या आधीच्या बॅचची. ती म्हणते, "आमच्या वेळी सगळंच नुसतं माहीत होतं."

आता खरी गोष्ट. १९९५ ते १९९८. नवजात बाळांची.

ही गोष्ट मी वाचत होतो तेव्हा आजी शेजारी बसून लसूण सोलत होती. माझी आणि ताईची आजी एकच. तिचं सासर वैनगंगेपलीकडे, एका लहान गावात. मामांच्या आधी तिची दोन बाळं गेली, दोन्ही पंधरा दिवसांच्या आत. ती हे फार सांगत नाही. त्या दिवशी मी विचारलं आणि ती सोलता सोलता म्हणाली, "दूध ओढे नाही. रडनं बारीक झालं. हातपाय थंडगार."

मी स्क्रीनवर परत पाहिलं. सर्चने गावातल्या बाईला बाळाचा जंतुसंसर्ग ओळखता यावा म्हणून ज्या खुणा ठरवल्या, त्यातल्या या तीन आहेत. दूध ओढणं कमी होणं, रडणं क्षीण होणं, अंग हाताला थंड लागणं. अशा सातांपैकी कुठल्याही दोन एकदम दिसल्या की जंतुसंसर्ग समजून चालायचं. आजीला तीन दिसल्या होत्या. ओळखायला ती चुकली नव्हती. ओळखून पुढे काय करायचं, ते तिच्या हातात कुणी दिलंच नव्हतं.

सर्चने ते दिलं. ३९ गावांत, त्याच गावातल्या, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायका निवडल्या. नाव दिलं आरोग्यदूत. पहिल्या वर्षी त्यांनी बाळाला भेटायचं, वजन करायचं, ताप बघायचा आणि लिहायचं. डॉक्टर येऊन ते लिहिलेलं पडताळून बघायचे. हे जमतंय म्हटल्यावर दुसऱ्या वर्षी पुढचं : जन्मताच श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास द्यायचा, आणि जंतुसंसर्ग झालेल्याला, आईबापांची संमती घेऊन, जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. गावातल्या बाईने. घरात. चार दिवसांच्या बाळाला.

आत्ता ऐकतानासुद्धा पोटात गोळा येतो ना? मलाही आला. तेव्हा डॉक्टर लोकांना हे पटणं किती अवघड असेल, विचार करा. आणि त्यांची भीती खोटी नव्हती. चुकीच्या हातातलं इंजेक्शन जीव घेतं, आपल्याकडे गल्लोगल्ली त्याची उदाहरणं आहेत. फरक एवढाच की इथे प्रत्येक पायरीवर कुणीतरी तपासत होतं आणि प्रत्येक बाळाची नोंद होती.

आधी त्या गावांत हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात जायची. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५.५ वर आला. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत तो साठीच्या आसपासच राहिला. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांमध्ये मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ वर. ४ डिसेंबर १९९९ च्या "लॅन्सेट"मध्ये हे सगळं छापून आलं.

पुढे काय झालं? २०११ मध्ये भारत सरकारने नवजात बाळाची घरी जाऊन काळजी हा कार्यक्रम आशाताईंसाठी देशभर लागू केला. मोठी गोष्ट आहे. तुमच्या गावातली आशाताई बाळंतपणानंतर वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन येते, त्याचं मूळ गडचिरोलीत आहे. पण त्या बॅगेत इंजेक्शन नाही. ते देशाच्या कार्यक्रमात गाळलं गेलं. २०१४ मध्ये ठरावीक परिस्थितीत जेंटामायसिन द्यायची मुभा मिळाली ती एएनएम नर्सताईंना.

मला यातलं कुणी चूक वाटत नाही. लाखो आशाताईंवर पंधरा दिवसांनी कोण जाऊन देखरेख करणार होतं? पण म्हणूनच मला पटलं की कौशल्य येणं ही अर्धीच गोष्ट आहे. ते करू देणारा नियम, तपासणारा माणूस आणि रोज येणारी केस, यातलं एक जरी नसेल तर आलेलं कौशल्य गंजतं. डॉक्टरांच्या बाबतीतही तेच. सरकारी एमबीबीएस डॉक्टरला जीव वाचवण्यापुरती भूल द्यायला शिकवायचा कार्यक्रम आहे, आणि तातडीचं सिझेरियन शिकवायचा. दोन्ही कल्पना उत्तम. पण भूल शिकलेला एका दवाखान्यात आणि सिझेरियन शिकलेला दुसऱ्यात अशी बदली झाली, तर बाई जाते रेफर होऊन. आम्ही याला ऑफिसात डिपेंडन्सी म्हणतो आणि त्यावर हसतो. इथे ती ॲम्ब्युलन्समध्ये असते.

मूलपासून लांबचं एक उदाहरण देतो, कारण ते ताईच्या प्रश्नाला फार जवळचं आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर, रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर साधे एमबीबीएस डॉक्टर. तिथे लाल विंचू चावून माणसं मरायची. त्यांनी रात्र रात्र पेशंटजवळ बसून लक्षणं लिहिली, १९८२ मध्ये ती "लॅन्सेट"मध्ये छापली, मग पुण्यात एमडी केलं आणि परत आले. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची गोळी विंचवाच्या विषावर वापरता येते, हे त्यांनी दाखवून दिलं. आधी गंभीर विंचूदंशात दहातले चार जात, ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. कोकणाने त्यांना विषय दिला. डिग्री नंतर आली.

आणि आता एकदम कॅनडा, कारण ताईने व्हॉइस नोटमध्ये तिथलंच सांगितलं होतं. तिकडे फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी दोन वर्षांची. त्यानंतर हवं तर तिसरं वर्ष जादा कौशल्यासाठी. २०१५ पासून तिथलं फॅमिली फिजिशियनांचं कॉलेज अशा जादा सक्षमतेची प्रमाणपत्रं देतं : इमर्जन्सी, भूल, वृद्धांची काळजी, शेवटच्या आजारातली काळजी, खेळाडूंचे आजार. दूरच्या गावांना भूल देणारा फॅमिली डॉक्टर मिळावा म्हणून हे चांगलंच. पण तिथेही तोच वाद चाललाय. प्रमाणपत्र घेतलेला डॉक्टर हळूहळू फक्त तेवढंच काम करतो, आणि मग सगळं घर बघणारा कोण उरतो? प्रत्येक जादा कौशल्य हे गावात राहायचं साधन होऊ शकतं, तसंच ते बाहेर पडायचं तिकीटही असतं. प्रमाणपत्रावर यातलं कुठलं ते छापलेलं नसतं.

चंद्रपूरला २०१५ मध्ये मेडिकल कॉलेज झालं, गडचिरोलीला २०२४ मध्ये. पोरं इथेच शिकतील. शिकून काय काय जादा घेतील आणि कुठे जातील, हे आपल्याला अजून दहा वर्षांनी कळेल.

ताईचं सांगतो. दिवाळीच्या आठ दिवसांत ती रोज सकाळी डॉक्टरकाकांच्या दवाखान्यात जाऊन बसली. एका शंभर पानी वहीत तिने फक्त एकच गोष्ट लिहिली : ज्यांना पुढे पाठवावं लागलं ते. कशासाठी, कुठे, जायला किती पैसे लागले, आणि गेले की नाही. शेवटचा रकाना डॉक्टरकाकांनी सुचवला होता. वही मी चाळली. पोटुशी बायका सोनोग्राफीसाठी चंद्रपूरला, ही ओळ पानोपानी. त्यातल्या बऱ्याच जणींपुढे शेवटच्या रकान्यात प्रश्नचिन्ह. पण साखरेचे पेशंटही काही कमी नव्हते. एकाच्या पायाला जखम, दोन महिने अंगठ्यावर चिंधी बांधून फिरत होता. मला वाटलं होतं वही उघडली की उत्तर मिळेल. तसं काही झालं नाही.

सोनोग्राफीलाही नियमांची साखळी आहेच. लिंगनिदान कायद्याखाली २०१४ चे नियम, सहा महिन्यांचं प्रशिक्षण, मग सक्षमतेची परीक्षा, मग मशीनची नोंदणी, प्रत्येक तपासणीचा फॉर्म. हे का आहे ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे आणि ते असायलाच हवं. ताई म्हणते, "कागद मी भरीन रे. पण मशीनचं कर्ज फेडायला दिवसाला किती सोनोग्राफ्या कराव्या लागतील, ते मोजलंयस का?" मी एक्सेल शीट करून दिली. बघून ती गप्प बसली. मशीन फेडायचं तर दिवसभर सोनोग्राफीच करावी लागते, आणि मग डॉक्टरकाकांची खुर्ची रिकामीच राहते. पुण्याला न जातासुद्धा.

फॉर्म भरायला अजून काही दिवस आहेत. काल रात्री अकराला तिचा मेसेज आला. "आजीच्या त्या बाळांची वजनं किती होती रे? विचार ना." आजी जागीच होती. मी विचारलं.

आजी म्हणाली, "तवा कोन तोलत होता बापा."